तेजोमेघाचे निजरूप

गेल्या जत्रेच्या तयारीसाठी आमच्या देवस्थानच्या महाजनांची बैठक अग्रशाळेत भरली असता एक लहानसा प्रश्न निघाला. त्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही, आणि आम्हांस तर त्याने पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. एका सधन भाविकाने अग्रशाळेच्या दर्शनी भिंतीवर लावण्यासाठी एक भव्य रंगीत चित्र अर्पण केले होते. काळ्याभोर आकाशात निळ्या बुबुळाचा आणि तांबूस पापण्यांचा एक प्रचंड डोळा त्यात आहे, आणि खाली सोनेरी अक्षरांत ओळ आहे: 'ईश्वराचा नेत्र. तीन हजार वर्षांतून एकदाच होणारे दर्शन.' आमचा पेशा वकिलीचा, म्हणून अभिप्राय आम्हांस विचारण्यात आला. आम्ही सांगितले की, चित्र खरे आहे, परंतु त्याखालील ओळ खोटी आहे. यावर एक वयोवृद्ध महाजन म्हणाले, "वकीलबाब, देव दिसता न्हय, आनी कितें जाय?" त्यांना तत्काळ उत्तर देणे आम्हांस जमले नाही. प्रस्तुत लेख हे त्याच प्रश्नाचे, थोडे उशिरा सुचलेले, उत्तर होय.

प्रथम त्या चित्राची हकीकत. कुंभ राशीत सुमारे साडेसहाशे प्रकाशवर्षांवर 'हेलिक्स' नावाचा तेजोमेघ आहे. आपल्या सूर्यासारखा एक तारा वार्धक्यात आपली बाह्य आवरणे टाकून देत आहे, आणि उरलेला तप्त गाभा मध्यभागी श्वेत बटू म्हणून जळत आहे, असे त्याचे स्वरूप. हबल दुर्बीण आणि अमेरिकेतील किट पीक येथील एक दुर्बीण यांच्या चित्रांचा सांधा करून सिद्ध केलेले हे चित्र २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर ते 'ईश्वराचा नेत्र' या नावाने व 'तीन हजार वर्षांतून एकदा' या पुरवणीसह घरोघर फिरू लागले. वस्तुतः हा मेघ दरवर्षी शरद ऋतूत संध्याकाळनंतर आपल्या आकाशात असतोच. तो दिसत नाही याचे कारण तो दुर्मीळ आहे हे नसून तो अत्यंत अंधुक आहे, हे आहे. दुर्मीळता आणि अंधुकता यांतील हा भेद ध्यानात घेतला म्हणजे या चित्रकलेचे सारे मर्म हाती येते.

पसरट आणि मंद तेजाची वस्तू दुर्बिणीतून पाहिली असता मोठी दिसते, परंतु तिच्या पृष्ठाची दीप्ती नुसत्या डोळ्यास असते त्याहून वाढत नाही, मग दुर्बीण कितीही प्रचंड असो. शिवाय डोळा क्षणभराचेच तेज जमेस धरतो, मागच्या क्षणाचे पुढच्यात मिळवीत नाही, आणि अंधारात त्याची रंगज्ञानाची शक्तीही मालवते. म्हणून तेजोमेघ डोळ्यास करड्या धुरासारखा दिसतो. छायाचित्राची काच मात्र कृपणासारखी कण कण साठवीत जाते. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे ३० जानेवारी १८८३ रोजी अँड्र्यू कॉमन या इंग्रज हौशी ज्योतिर्विदाने त्याच मेघावर ३७ मिनिटे काच उघडी ठेवली, तेव्हा त्या काचेवर असे तारे उमटले की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यास दिसत नव्हते. त्या दिवसापासून आकाशाच्या खटल्यात डोळा हा मुख्य साक्षीदार उरला नाही.

कॉमनची दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची होती. न्यूटनने १६६८ साली केलेली ही रचना साधी आहे. नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा, आणि तोंडाशी एक लहान सपाट आरसा तिरका बसवून तेज बाजूला वळविलेले. भिंगातून वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात, तो दोष आरशास नाही. परंतु अंधुक मेघाच्या दृष्टीने या दुर्बिणीचा खरा गुण निराळाच आहे. आरशाचा व्यास कायम ठेवून त्याचे केंद्रांतर आखूड केले, तर मेघाची प्रतिमा लहान होते आणि तितकेच तेज कमी जागेत दाटते. केंद्रांतर व्यासाच्या आठपट असता ज्या कामास चार तास लागतील, ते चौपट असता एका तासात होते. अशा आखूड दुर्बिणीस छायाचित्रकार 'फास्ट' म्हणतात. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत १८८८ पासून ३६ इंच व्यासाची भिंगांची जगप्रसिद्ध दुर्बीण होती, आणि तिचे केंद्रांतर व्यासाच्या एकोणीसपटींहून थोडे अधिक. कॉमनच्या आरशाचा व्यासही ३६ इंचच, परंतु केंद्रांतर ५.८ पट. म्हणजे मेघाच्या कामी हा आरसा त्या भव्य दुर्बिणीच्या सुमारे अकरापट वेगाने काच भारून काढील.

अर्थात हा वेग फुकट मिळत नाही. केंद्रांतर आखूड केले की चित्राच्या कडेचे तारे बिंदुरूप न राहता धूमकेतूसारखे शेपटाळ होतात. या दोषास 'कोमा' म्हणतात, आणि तो गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आठपटीच्या जागी चौपट केले तर दोष चौगुणा. त्यावर उतारा म्हणून फ्रँक रॉस याने १९३५ साली परावर्तक दुर्बिणीसाठी सुधारक भिंगे सिद्ध केली, आणि आजही फास्ट न्यूटोनियनला असे भिंग जोडल्यावाचून गत्यंतर नसते. चौपट गुणोत्तराच्या दुर्बिणीत स्पष्ट प्रतिमेसाठी जी जागा मिळते तिची खोली मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. रात्र थंडावली, नळी आकसली, की प्रतिमा बिघडली. दोन आरशांची एकमेकांशी जुळणी किंचित हलली की साऱ्या रात्रीचे श्रम व्यर्थ. आणि लहान आरसा ज्या चार पात्यांवर टांगलेला असतो त्या पात्यांमुळे प्रत्येक तेजस्वी ताऱ्यास चार किरण फुटतात. भाविक लोक त्या किरणांस दिव्य समजतात, परंतु ते ताऱ्याचे नव्हेत, पात्यांचे आहेत. चित्र पाहताना कोणता अंश आकाशाचा आणि कोणता यंत्राचा, हे ओळखणे हाच टीकाकाराचा पहिला धर्म होय.

आता ज्या ग्रंथावर या कलेची कसोटी घासावी असे आम्हांस वाटते, त्याकडे वळू. कॉमनने ही दुर्बीण १८८५ साली एडवर्ड क्रॉसली या इंग्रज गृहस्थास विकली, आणि क्रॉसलीने ती १८९५ साली लिक वेधशाळेस देणगी दिली. तेथे तिचे स्वागत काही चांगले झाले नाही. इंग्लंडच्या अक्षांशासाठी केलेला तिचा सांगाडा माउंट हॅमिल्टनला सोयीचा नव्हता, आरशावरचा रुप्याचा मुलामा वारंवार नवा करावा लागे, आणि शेजारी ती भव्य दुर्बीण असता या आडमुठ्या यंत्राशी झगडण्याची हौस फारशी कोणास नव्हती. १८९८ साली जेम्स कीलर हा वेधशाळेचा संचालक झाला. शनीची कडी अखंड नसून असंख्य कणांची आहेत हे १८९५ साली वर्णपटाच्या साह्याने सिद्ध करणारा तोच हा कीलर. संचालकाने उत्तम यंत्र आपणाकडे ठेवावे आणि अवघड यंत्र हाताखालच्या माणसास द्यावे, हा जगाचा रिवाज. कीलरने याच्या उलट केले. क्रॉसली दुर्बीण त्याने स्वतःच्या अंगावर घेतली.

तिच्याशी काम करणे म्हणजे काय असे, याची वाचकांनी कल्पना करावी. नळीच्या तोंडाशी, उंचावर, थंडीत उभे राहायचे. काचेच्या कडेला असलेल्या एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा लावायचा. तारा तंतूवरून रेसभर सरकला की दोन स्क्रू फिरवून काचेची चौकट त्याच्यामागे सरकवायची. असे दोन दोन, तीन तीन, चार चार तास. यंत्राची चाल सदोष होती, परंतु माणसाच्या सावधानतेने तो दोष काचेवर उमटू दिला नाही. याच दुर्बिणीच्या काचांवर कीलरला ठायी ठायी नवे, बारीक, पूर्वी कोणी न पाहिलेले मेघ आढळले. या यंत्राच्या आवाक्यात १,२०,००० मेघ असावेत असा त्याने अंदाज केला, आणि त्यांतील बहुसंख्य चक्राकार आहेत हेही त्यानेच प्रथम ध्यानात आणून दिले. १२ ऑगस्ट १९०० रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्याच्या सहकाऱ्यांनी उरलेले काम पुरे करून १९०८ साली लिक वेधशाळेच्या प्रकाशनमालेत क्रॉसली दुर्बिणीने घेतलेल्या तेजोमेघांच्या व तारकागुच्छांच्या छायाचित्रांचा तो संग्रह प्रसिद्ध केला.

हा संग्रह रंगहीन आहे. आजच्या चित्रांची सवय झालेल्या डोळ्यास तो प्रथमदर्शनी दरिद्री वाटेल. परंतु आमच्या मते त्याचे मोठेपण त्याच्या संयमात आहे. चित्र अधिक भयंकर किंवा अधिक मोहक करण्याचा यत्न तेथे नाही. मेघ जेथे विरतो तेथे तो चित्रातही विरतो, त्याची कड कोणी गिरवून दिलेली नाही. मेघाची अंधुक टोके आकाशाच्या काळिम्यात कशी मिसळतात हे पाहणाऱ्याला स्वतःच शोधावे लागते, आणि शोधताना आपल्या दृष्टीची मर्यादाही त्याला कळते. चांगला साक्षीदार जेवढे पाहिले तेवढेच सांगतो आणि पुढचे न्यायाधीशावर सोपवितो. येथे तोच प्रकार आहे. कीलरला ते चक्राकार मेघ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र ताराविश्वे आहेत हे एडविन हबलच्या निरीक्षणांनी सिद्ध होऊन १९२५ सालच्या आरंभी जाहीर झाले. परंतु कीलरच्या काचांना त्यामुळे खोटे पडावे लागले नाही. साक्ष घेणाराचा तर्क अपुरा होता आणि तरीही साक्ष अबाधित राहिली, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल?

तथापि संग्रहाचे दोष सांगितले नाहीत तर ती टीका नव्हे, स्तुतिपाठ होईल. त्या काळच्या साध्या काचांना निळे आणि जांभळे तेज दिसे, तांबडे दिसत नसे. तेजोमेघांतील हायड्रोजनचे मुख्य तेज तर ६५६.३ नॅनोमीटरचे गडद तांबडे. म्हणजे कीलरच्या काचा या तेजाच्या बाबतीत आंधळ्या होत्या, आणि त्यांच्यावर उमटलेला मृगातील मेघ हा त्या मेघाचा एक अंश होय, पूर्ण मेघ नव्हे. दुसरे असे की, मेघाच्या अंधुक कडा उमटाव्यात म्हणून काच तासन् तास उघडी ठेवली, तर त्याचा तेजस्वी गाभा जळून सपाट होतो, आणि तेथील चार जुळे तारे त्या पांढऱ्या डागात बुडतात. गाभा जपावा तर कडा हरवतात. एका काचेत दोन्ही सत्ये मावत नाहीत. म्हणून 'यंत्र खोटे बोलत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. यंत्र खोटे बोलत नाही, परंतु ते सर्व काही सांगतही नाही, आणि काय सांगावे हे काच निवडणारा व वेळ ठरविणारा मनुष्य आधीच ठरवीत असतो.

या इतिहासात आपल्या बाजूचेही एक पान आहे. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवट रेषा दिसे. ती कशाची याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद होता. ती मॅग्नेशियमची आहे असे लॉकियरचे म्हणणे, तर हगिन्स आणि कीलर विरुद्ध पक्षाचे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी करणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी मृगातील मेघाच्या त्या रेषेचे निरीक्षण करून १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपली साक्ष नोंदविली. ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या रेषेचा उलगडा पुढे १९२७ साली आयरा बोवेनने केला. अतिविरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचे ते तेज आहे. पृथ्वीवर ते सहजी दिसत नाही, म्हणून लोकांनी तोवर 'नेब्युलियम' नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले होते. अग्रशाळेतील त्या चित्राच्या बुबुळात जो निळा रंग आहे तो याच ऑक्सिजनचा. पुण्याच्या वेधशाळेत ज्या रेषेचा अभ्यास झाला, तीच आज आमच्या भिंतीवर टांगली जात आहे, हे महाजनांपैकी कोणास ठाऊक असणार?

आता आजची चित्रे. हल्ली आठ इंची आरशाची, चौपट गुणोत्तराची न्यूटोनियन दुर्बीण आणि थंड केलेला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा घेऊन एखादा हौशी मनुष्य अंगणातून असे काम करतो की ते पाहून कीलर चकित झाला असता. एका दीर्घ प्रकाशनाऐवजी तो काही मिनिटांची पुष्कळ चित्रे घेतो आणि संगणकाकडून त्यांची सरासरी काढवितो. कॅमेऱ्याचा गोंगाट त्यात निवतो आणि मेघ वर येतो. हायड्रोजनचे अथवा ऑक्सिजनचे तेवढेच तेज आत सोडणारे फिल्टर लावले म्हणजे शहराच्या दिव्यांतूनही मार्ग निघतो. ही प्रगती आम्हांस मनःपूर्वक मान्य आहे. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीस.

ती पायरी रंगाची. गरुड तेजोमेघातील स्तंभांचे जे चित्र हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतले, त्यात गंधकाच्या तेजाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. हायड्रोजनचे तेज मुळात तांबडे, ते तेथे हिरवे झाले. हे लबाडीने केले असे कोणी म्हणणार नाही. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबडीच, ती वेगळी कळावीत म्हणून शास्त्रज्ञांनी हा संकेत उघडपणे योजला. हेलिक्सच्या चित्रातील रंग त्यामानाने वस्तुस्थितीस जवळचे आहेत, निळसर हिरव्याच्या जागी निळा एवढाच फेर. अडचण येते ती संकेत चित्रापासून सुटून गेल्यावर. चित्र घरोघर पोहोचते, संकेत वेधशाळेतच राहतो. त्यात अलीकडे संगणकाकडून चित्रातील तारे पुसून टाकण्याची आणि अस्पष्ट भाग 'अंदाजाने' रेखीव करून घेण्याची प्रथा वाढत आहे. तारे पुसणे म्हणजे साक्षीतील गैरसोयीची वाक्ये गाळणे होय. आणि जे दुर्बिणीने पाहिलेच नाही ते अंदाजाने भरणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी वाक्य घालणे होय. पहिल्या गोष्टीस, ती सांगून केल्यास, क्षमा आहे. दुसरीस आमच्यापाशी नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करावयाची तर ती कोणत्या यंत्राने आणि कशी तयार झाली याचे प्रमाणपत्र सोबत द्यावे लागते. आकाशाच्या चित्रासही हाच नियम असावा असे आम्हांस वाटते. कोणती दुर्बीण, किती वेळ, कोणते फिल्टर, कोणत्या तेजास कोणता रंग, आणि काय पुसले किंवा भरले, या पाच गोष्टी चित्राखाली असल्या की चित्रकाराने मग हवा तितका रंग खेळावा, आमची तक्रार नाही.

येथे आम्ही त्या वृद्ध महाजनांच्या प्रश्नाकडे परत येतो. देव दिसतो, आणखी काय हवे? आपल्याच गर्भकुडीत याचे उत्तर आहे. उत्सवात आपण मूर्तीस मुखवटा चढवितो, वस्त्रे आणि दागिने घालतो, फुलांची आरास करतो. त्यात असत्य काहीच नाही, कारण तो मुखवटा आहे हे लहान मुलासही ठाऊक असते. पहाटे अभिषेकासाठी अलंकार उतरतात, आणि समईच्या मंद उजेडात, बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे हळूहळू निवल्यावर, काळ्या शिळेचे निजरूप दिसू लागते. ज्याने निजरूप पाहिले आहे त्यालाच अलंकाराची शोभा कळते. रंगीत तेजोमेघ हा अलंकार आहे आणि कीलरची करडी काच हे निजरूपाच्या जवळचे दर्शन आहे. अलंकार भिंतीवर अवश्य लावावा. परंतु हाच देवाचा चेहरा, आणि तोही तीन हजार वर्षांतून एकदा, असे खाली लिहिले की भक्ताची फसवणूक होते, आणि देवस्थानच्या भिंतीवर ती झाली म्हणजे तिला देवस्थानची मोहोर लागते. उद्या शाळेत जाणारा मुलगा या ओळीचा खोटेपणा हुडकून काढील, आणि मग त्याचा अविश्वास त्या एका ओळीपुरता राहणार नाही. आमची चिंता ही आहे. श्रद्धेस विज्ञानापासून भय नाही, खोट्या शिफारसपत्रापासून मात्र आहे.

कार्तिकात एके रात्री समाजातील एका तरुण अभियंत्याने आपली आठ इंची न्यूटोनियन अग्रशाळेच्या मागच्या अंगणात मांडली. दीपस्तंभावरचे विजेचे झोत तासाभरासाठी मालवावेत अशी विनंती आम्ही केली, आणि थोड्या कुरकुरीनंतर ती मान्य झाली. प्रथम तो वृद्ध महाजनच नेत्रकाचेस डोळा लावून बसले. पुष्कळ वेळ त्यांना काहीच दिसले नाही. नंतर ते म्हणाले की, काचेवर श्वास सोडावा तसे काही तरी आहे. तेच ते, असे आम्ही सांगितले. त्या तासात घेतलेले छायाचित्र फारसे चांगले उतरले नाही. कडेचे तारे किंचित लांबट आहेत आणि मेघाचे बुबुळ जेमतेम कळते.

भिंतीवरचे भव्य चित्र आता लागले आहे. त्याखालील सोनेरी ओळ जाऊन तेथे कुंभ राशीतील या तेजोमेघाचे नाव, अंतर, दुर्बिणी आणि रंगांचा संकेत अशा चार ओळी आल्या आहेत. त्यांचा मसुदा आमचा, आणि दाता गृहस्थांची त्यास संमती आहे. शेजारी ते लहानसे, सदोष चित्रही लावावे, ही सूचना वृद्ध महाजनांची. दीपस्तंभावरचे झोत दर अमावास्येस मालवावेत की नाही, याचा निर्णय मात्र पुढील बैठकीवर टाकण्यात आला आहे.